शोकेसमधली भिंगरी

४ मार्च, मंगळवार

माझ्या रागावलेल्या लेकीस,

फोन करू नका, असं तू म्हणालीस. मेसेज नको, असंही म्हणालीस. घरी येऊ नका, हे तर दोनदा म्हणालीस. पत्राचं नाव काही तू घेतलं नाहीस, म्हणून लिहितोय. ही पळवाट आहे हे मलाही कळतं. पण पळवाटा काढण्यात तू माझीच मुलगी आहेस. शाळेत असताना ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला’ म्हणून कुठे जायचीस, ते मी अजून तुझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही.

पाकीट जावईबापूंच्या हाती देतोय. त्यांची बस दुकानासमोर दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात काम होतं. त्यांच्यावर डाफरू नकोस. ते बिचारे फक्त बस चालवतात.

आधी कामाचं सांगतो. स्टुडिओचं ते इंटरनेटवरचं पान मी बंद केलं. नुसतं बंद नाही, पुसलं. शेजारच्या चष्मेवाल्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, बाबा रे, यातला एकही फोटो उरता कामा नये. दोन दुपारी लागल्या. चारशे बारा फोटो होते, त्यातले एकट्या भिंगरीचे एकशे सदतीस. चष्मेवाला म्हणाला, “तुम्ही स्टुडिओची जाहिरात करत होतात की नातीची?” मी त्याला चहा अर्धवट ठेवून उठवणार होतो, पण पुसायचे अजून शंभर बाकी होते.

माझं चुकलं. हे लिहिताना हात जड झाला नाही असं नाही, पण लिहिलं.

आता माझी बाजू ऐक. दर वाढदिवसाला त्याच तीनपायी स्टुलावर बसवून मी भिंगरीचा फोटो काढतो आणि शोकेसमध्ये लावतो, खाली चिठ्ठी: ‘आमची भिंगरी, वय वर्षं अमुक.’ तुझाही लावायचो. तू सहा वर्षांची असताना फ्रॉकातला फोटो वर्षभर शोकेसमध्ये होता. रस्त्याने जाणारं येणारं माणूस बघायचं, तुला काय झालं? काही नाही. मग तोच फोटो फोनवर लावला तर एवढं काय, असं मला खरंच वाटत होतं. जो उद्योग चाळीस वर्षं काचेत केला, तोच पडद्यावर केला.

परवा रिकाम्या दुकानात बसल्यावर फरक लक्षात आला. शोकेसपुढे कोणी थांबलं की ते मला आतून दिसतं. कोण थांबलं, किती वेळ थांबलं, परत आलं का, सगळं दिसतं. एकदा एक माणूस तुझ्या फोटोपुढे रोज थांबू लागला, तर तुझ्या आईने बाहेर जाऊन त्याला विचारलं होतं, काय हो, काही हवंय का? तो पुन्हा फिरकला नाही. फोनवर बघणारा मला दिसत नव्हता. मी नुसते अंगठे मोजत होतो आणि खूश होत होतो.

एक सांगू? रागावू नकोस. तू भिंगरीचा फोन कपाटात कुलूपबंद केलास असं कळलं. चार दिवस ठीक आहे. पण तिला ती शिक्षा वाटली, तर पुढच्या वेळी काही झालं की ती पहिल्यांदा काय लपवेल ते तूच बघ. त्यापेक्षा तिच्याजवळ बस, तो घरं बांधायचा गेम तिच्याबरोबर खेळ, अनोळखी लोकांना त्यात बोलता येणार नाही अशी काही सोय असते म्हणतात, ती कर.

भिंगरी माझ्याबद्दल काही बोलली का? सहज विचारतोय.

तुझा बाबा


९ मार्च, रविवार

बये,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन शब्द आहेत, ‘उपदेश नको, बाबा.’ बसच्या तिकिटामागे लिहिलीस, ड्यूटीवर निघताना लिहिली असणार. लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासून आल्यावर बापाचे सल्ले वाचायचे म्हणजे जास्तच होतं. उपदेश नाही करत. काय घडलं एवढंच सांगतो.

शुक्रवारी मला पोलिसांनी बोलावलं होतं. इंटरनेटवरच्या तक्रारी बघणाऱ्या बाई आहेत ना, तू ज्यांच्याकडे भिंगरीला घेऊन गेली होतीस, त्याच. त्यांच्या टेबलावर माझ्या पानाची छापील चवड होती. प्रत्येक कागदावर लाल पेनाने गोल केलेले.

पहिला गोल: ‘आमची भिंगरी’. नाव कळलं. दुसरा: गणवेशाच्या खिशावरचं चिन्ह. शाळा कळली. तिसरा: ओले केस, हातात टोपी, आणि खाली मीच लिहिलेलं, ‘दर बुधवारी आमची मासोळी पोहायला जाते.’ चौथ्यावर मी काय लिहिलं होतं ते तुला आठवत असेल. मला आठवायला नको होतं. ‘आज आईला दुपारची ड्यूटी, बाबा बसवर, घरात भिंगरीचं एकटीचं राज्य!’ पुढे हसरी तोंडं तीन.

आणि शेवटचा गोल आपल्या बदकावर. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतो ते चिंध्यांचं बदक, एका डोळ्याचं. लहान पोरं रडायला लागली की मी ते दाबतो आणि ते ‘क्वाँक’ करतं. भिंगरी त्याच्यावर कशी खिदळते त्याचा व्हिडिओ मी टाकला होता.

बाई म्हणाल्या, “काका, त्या माणसाने हे शोधून काढलेलं नाही. तुम्ही वाढून ठेवलं होतं.”

तो भिंगरीला गेममध्ये भेटला आणि म्हणाला, मी तुझ्या आजोबांचा जुना मित्र. बदकाचा एक डोळा कसा पडला तेही मला माहीत आहे. आजोबांना अचानक द्यायला तुझ्या फोटोंचा अल्बम करतोय, कोणाला सांगू नकोस. मग पोर कशी अविश्वास दाखवेल? बदकाचा डोळा म्हणजे घरातली गोष्ट. ती मी जगाला सांगितलीय हे तिला काय माहीत?

तिने चार फोटो पाठवले. गॅलरीतला, दप्तराबरोबरचा, असे साधेच. मग त्याने तसला फोटो मागितला. तिने नाही पाठवला. हे मी पुन्हा लिहितो, तिने नाही पाठवला. त्याने धमकी दिली की आधीचे चारही फोटो वेडेवाकडे करून शाळेत पाठवीन. आणि ती पोर आठ दिवस जेवणाच्या ताटाशी खेळत बसली, तेव्हा तू उशीच्या अभ्र्यातून फोन काढलास. तुझं कौतुक आहे, बाळ. तुला कळलं तरी.

बाईंनी सांगितलं की त्याचं खातं बंद झालंय, तपास चालू आहे, अशा माणसांच्या धमक्या बहुतेक पोकळ असतात. तिने फोटो नाकारला आणि तुम्ही त्याला एक अक्षर उत्तर न देता सगळे मेसेज जपून ठेवलेत, हे फार बरं केलंत, असंही म्हणाल्या. त्यांनी मला आणखीही एक-दोन गोष्टी विचारल्या. मी उत्तरं दिली.

माझ्या वडिलांनी मला एक शिस्त लावली होती. समोरच्याला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही. ‘काढू?’ म्हणायचं, मान हलली की मगच. मी तान्ह्या बाळालाही विचारतो, गिऱ्हाइकं हसतात. पण काढल्यावर ‘लावू?’ असं मी जन्मात कोणाला विचारलं नाही. तुलाही नाही. तुला तो फ्रॉकातला फोटो आवडायचा नाही, शाळेतल्या मुली चिडवायच्या, असं तू लग्न ठरल्यावर एकदा म्हणाली होतीस. मी हसण्यावारी नेलं होतं.

शोकेसमधले भिंगरीचे दहाही फोटो काढलेत. काचेमागे आता दोन फुलदाण्या आणि एक नवरा-नवरी आहेत. त्या दोघांना विचारलंय.

ती जेवते का नीट? आणि माझ्याबद्दल खरंच काही म्हणाली नाही?

बाबा


१५ मार्च, शनिवार

लेकी,

आज जावईबापू ड्यूटी संपवून दुकानात आले होते. बसले, चहा घेतला, बदक हातात घेऊन उगाच फिरवत राहिले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “बाबा, घरात रोज तेच चाललंय. ही तिला विचारते, अगं मला का नाही सांगितलंस? बाबांना का नाही? निदान आजोबांना तरी सांगायचं होतंस! आजोबांचं नाव निघालं की ती रडायला लागते. म्हणते, मी कोणालाच नाही सांगितलं. बस, एवढंच.”

तिला हे विचारू नकोस. कृपा कर, आजपासून विचारू नकोस. का, ते उद्या लिहितो. आज लिहवत नाही.


१६ मार्च, रविवार

बाळ,

आज दुकान उघडलं नाही. हे पत्र वाचून तू मला कधीच भेटली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. पण हे न लिहिता तुला भेटलो तर माझा मलाच दोष राहील. तू उभ्याउभ्या वाचत असशील तर बस.

भिंगरीने सांगितलं होतं. मला.

अकरा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी तीन वाजून आठ मिनिटं. माझ्या फोनमध्ये अजून दिसतं. दुकानात पासपोर्टच्या फोटोंसाठी सात माणसं रांगेत होती आणि खुर्चीत एक तान्हं बाळ होतं. त्या फोटोत बाळाचेही डोळे उघडे लागतात आणि ते काही केल्या उघडत नव्हतं. एका हातात बदक, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचं बटण, फोन कान आणि खांद्यात धरलेला. शब्द मला पाठ आहेत. महिनाभर दुसरं काही आठवतच नाही.

“आजोबा, तुझा एक मित्र आहे का, बदक माहीत असलेला?”

“त्या बदकाला सगळं गाव ओळखतं गं.”

“तो गेममध्ये आलाय. म्हणतो, तुझा जुना मित्र आहे.”

“असेल. मला मित्रांचा काय तोटा?”

“तो माझा फोटो मागतोय. पाठवू?”

“पाठव की! माझ्या नातीचा फोटो कोणाला नको असेल? ठेव आता, बाळाने डोळे उघडलेत.”

ती म्हणाली, “पण आजोबा...” आणि मी फोन ठेवला. सत्तावन्न सेकंदांचा फोन होता. बाळाचा फोटो छान आला.

तिने त्याच्याआधी एकही फोटो पाठवला नव्हता. तारखा बघ, तुझ्याकडे सगळे मेसेज आहेत. पहिला फोटो बारा तारखेला गेलाय. ती आजोबांना विचारून मगच फोटो पाठवणारी पोर आहे. अनोळखी माणसाने काही मागितलं तर घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, हे तू तिला शिकवलंस आणि ती ते अगदी नीट शिकली. त्या माणसाने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, तरी तिने विचारलं. एवढ्याशा जिवाने याहून जास्त काय करायचं होतं? मोठ्या माणसाला गिऱ्हाइकं होती.

धमक्या यायला लागल्यावर तिने मला पुन्हा फोन का केला नाही, हेही मला आता कळतं. एकदा करून बघितला होता ना.

आणि मग तू विचारायला लागलीस, कोणाला का नाही सांगितलंस? ती गप्प राहिली. मला बोलणी बसू नयेत म्हणून. दहा वर्षांची मुलगी सत्तरीच्या माणसाला पाठीशी घालत होती, आणि तो माणूस तुला पत्रांतून विचारत होता, ‘माझ्याबद्दल काही बोलली का? सहज विचारतोय.’ सहज नव्हतं गं ते. मला भीती होती की ती सांगेल. आणि तिने सांगितलं नाही की मला हायसं वाटायचं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पोलिसातल्या बाईंनी मला विचारलं होतं, मुलीने आधी कोणाला काही सांगितलं होतं का? मी म्हणालो, कल्पना नाही. मागच्या पत्रात ‘मी उत्तरं दिली’ असं मोघम लिहिलं, ते हेच. उद्या सकाळी जाऊन खरं ते लिहून देणार आहे.

पानावर फोटो टाकले ती चूक अडाणीपणाची होती, ती तू कदाचित कधीतरी माफ करशील. ही दुसरी चूक तशी नाही. तिचा राग माझ्यावर काढ. सगळा काढ. पण हे वाचून झालं की तिला एवढं सांग: तू सांगितलं होतंस, आम्हाला माहीत आहे. बाकी काही सांगितलं नाहीस तरी चालेल.

बाबा


२३ मार्च, रविवार

लेकी,

आठ दिवस पाकीट नाही, निरोप नाही. काल बस थांबली, जावईबापू खाली उतरले आणि नुसता एक कागद दिला. ‘तिला सांगितलं. खूप वेळ रडली. मग दोन वाट्या भात खाल्ला. तुमच्याशी मी अजून बोलणार नाही.’ मी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवलाय. त्यातलं ‘अजून’ मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पोलिसात जाऊन आलो. बाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “काका, इथे येणाऱ्या बहुतेक मुलांनी आधी कोणाला तरी अर्धवट विचारलेलं असतं. पोरं एकदम सगळं सांगत नाहीत, आधी टोक दाखवून बघतात. आपण ते टोक धरायचं असतं.” मी मान हलवली. भिंगरीने टोक दाखवलं तेव्हा माझ्या हातात बदक होतं.

सोबत एक पत्र भिंगरीसाठी ठेवतोय. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तू आधी वाच, योग्य वाटलं तर दे.

बाबा


(भिंगरीसाठी)

भिंगरे,

हे पत्र लिहिणारा तुझा आजोबाच आहे. खात्री करायची असेल तर आईला अक्षर दाखव. बदकाचा डोळा कसा पडला वगैरे सांगून मी ओळख पटवणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, माझ्याच कृपेने.

तू मला फोनवर दोन प्रश्न विचारले होतेस. मी दोन्हींची उत्तरं चुकीची दिली. आता बरोबर देतो, फार उशीर झालाय तरी.

बदक माहीत असलेला तुझा एक मित्र आहे का? नाही. असा माझा कोणीही मित्र नाही.

पाठवू? नाही.

तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. तुझी यात काडीचीही चूक नाही, आणि हे मी तुझ्या आईला, बाबांना, पोलिसांतल्या बाईंना आणि चष्मेवाल्यालासुद्धा सांगितलंय. त्यामुळे आता माझं काही लपवून ठेवायचं नाही. मी चांगला दणकट आहे, मला बोलणी बसली तर मी खाईन.

आणि एक राहिलं. मी फोन ठेवला तेव्हा तू ‘पण आजोबा...’ म्हणत होतीस. पुढे काय होतं? सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको.

आजोबा


१३ एप्रिल, रविवार

बाळ,

काल तू आलीस. माझ्याशी चार वाक्यं बोललीस, त्यातली दोन ‘चहा नको’ अशी होती. तरी आलीस. अकरावा वाढदिवस आहे, तिला दुकानात यायचंय, तिच्यासाठी आणलंय, असं तू दारातच बजावलंस. मी ‘बरं’ म्हणालो. तू बाहेर बाकावर पाठ करून बसलीस, पण दार उघडं ठेवलंस. तुझी आईही अशीच रुसायची.

आत काय झालं ते तुला अर्धंच ऐकू आलं असेल, म्हणून लिहितो.

स्टूल मी पुसून ठेवलं होतं. ती आली, पण बसली नाही. उंच झालीय गं, दोन महिन्यांत. मी विचारलं, “काढू?”

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “नको.”

चाळीस वर्षांत मला कोणी ‘नको’ म्हटलं की मी ‘अहो, एकच, हनुवटी जरा खाली’ असं म्हणत आलोय. जिभेवर आलंच होतं. मी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं आणि म्हणालो, “बरं.”

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बदक घेतलं, स्टुलावर बसली आणि त्याच्या रिकाम्या डोळ्याच्या जागी बटण शिवायला मागितलं. मी सुई-दोरा दिला, दोरा तिनेच ओवला, मला आता दिसत नाही. लाल बटण लावलं. बदक भयंकर दिसतंय, पण दोन्ही डोळे आहेत.

शिवता शिवता, मान वर न करता म्हणाली, “पुढे असं होतं: ‘पण आजोबा, तो म्हणाला होता की तुला सांगायचं नाही.’”

मी तिच्या हातातली सुई बघत बसलो. तेवढं वाक्य मी ऐकलं असतं ना, तर मी सगळी रांग, बाळ, कॅमेरा टाकून तुझ्या घरी पळत आलो असतो. अगदी असतो. पण त्या वाक्यापर्यंत मी थांबलो नाही.

मी म्हटलं, “भिंगरे, माझं चुकलं.” ती म्हणाली, “माहितीय, तू लिहिलं होतंस.” आणि दोरा दाताने तोडला. तुझ्यासारखाच. कात्री समोर असताना.

जाताना ती म्हणाली की आता तू आणि ती रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून तो गेम खेळता, तुझं घर सारखं कोसळतं आणि ती हसते. फोन तिथेच टेबलावर असतो आणि काहीही दाखवलं तरी तो काढून घेणार नाही असं तू तिला वचन दिलंयस. माझ्या पहिल्या पत्रातला उपदेश तू नको म्हणत का होईना घेतलास, असं मी म्हणणार होतो. पण म्हणत नाही.

तू बाकावरून उठताना ‘येते’ म्हणालीस, ‘जाते’ नाही. मी ऐकलं. हल्ली मी ऐकतो.

बाबा


२२ एप्रिल, मंगळवार

लेकी,

तुझे फोन परवापासून सुरू झालेत तरी पत्र लिहितोय. सवय लागली. आणि काही गोष्टी फोनवर सांगताना माझा आवाज बिघडतो.

आज दुपारी दुकानात एक मोठं कुटुंब आलं होतं. बारा माणसं. पन्नासाव्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो. आजी-आजोबा मधे, मागे उंचीप्रमाणे तीन रांगा, पुढे खाली दोन जुळे, ज्यांना एका जागी बसवायला अर्धा तास गेला. सगळ्यांच्या हनुवट्या जागेवर आल्या, जुळ्यांनी बदकाकडे बघितलं, मी ‘काढू?’ विचारलं, बाराच्या बारा माना हलल्या, आणि माझा फोन वाजला.

भिंगरी.

मी बटणावरचं बोट काढलं. म्हणालो, “एक मिनिट हां, सगळे तसेच बसा. नाही, तसे बसू नका. सैल बसा. माझ्या नातीचा फोन आहे.” एक जुळा लगेच पळाला. मधले आजोबा काहीतरी पुटपुटले. मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, स्टुलावर बसलो आणि म्हणालो, “बोल गं, मी ऐकतोय. मला काही घाई नाही.”

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी म्हटलं, “सावकाश सांग. काहीही असू दे.”

“काही नाही, आजोबा,” ती म्हणाली. “बघत होते, तू उचलतोस का.”

तुझा बाबा